मदत हवी आहे: संभाजीनगरातल्या छोट्या बँड-शोचा साउंड

पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात 20 बाय 30 फुटांच्या खोलीत एकाच संध्याकाळी तीन स्थानिक बँड स्वतःची मराठी गाणी वाजवणार आहेत. ड्रमकिट आणि बेस अँप सगळ्यांना एकच. स्नेअर, झांजा आणि पेडल ज्याचे त्याने आणायचे, म्हणजे बदलाबदल 15 मिनिटांत उरकते.

खरी अडचण गायकाच्या आवाजाची. एवढ्या खोलीत ड्रम माइकशिवायच दणकतात, त्यावर आवाज चढवला की मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचा आवाज घेतो, पाठीमागचा फारसा नाही; म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवलाय. (गायकांनो, माइकची जाळी मुठीत धरू नका, मग तो चहूबाजूंचं उचलतो.) गोधड्या टांगल्या की झांजांची चरचर मरते, बेसची घुमघुम तशीच राहते. ती शोषायला कोपऱ्यांसाठी 4 इंची रॉकवूल (दगडी लोकरीच्या जाड पाट्या) इथे किंवा जालन्यात कुठे मिळेल?

शिवाय गिटार अँप आणि मिक्सर वेगळ्या बोर्डांवर असले की घरघर येते. अर्थिंगची पिन काढणार नाही, ते जिवावर बेतू शकतं. सगळं एकाच बोर्डावर घेतोय, तरी ग्राउंड लिफ्टवाले (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडायचं बटण असलेले) 2 डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डब्या) भाड्याने हवेत. कोणाकडे आहेत? लाइट गेली तर डिजिटल मिक्सर परत सुरू व्हायला वेळ खातो, म्हणून त्याच्यापुरता यूपीएसही लागेल.