मदत हवी आहे: बारावीला बीटेक (BTEC) अप्लाइड लॉ घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मुलीची जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) झाली, सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म (इथली बारावी-तेरावी). तिला वकील व्हायचंय. इंग्रजी आणि इतिहास ए लेव्हलला (विद्यापीठाआधीची विषयवार परीक्षा) नक्की आहेत, तिसरा विषय म्हणून शाळा बीटेक लेव्हल ३ अप्लाइड लॉ (एक्स्टेंडेड सर्टिफिकेट, म्हणजे एका ए लेव्हलएवढा) देतेय. हे बीटेक म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, तर ए लेव्हलच्याच पातळीचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम.

मला तो अभ्यासक्रम मनापासून आवडला. नुसते कायदे पाठ न करता एखादं प्रकरण समोर ठेवून निष्काळजीपणाचा दावा टिकेल का, गुन्हा कोणता ठरेल, हे मुलांनी लिहायचं. काही भाग असाइनमेंटवर, काही बाहेरच्या परीक्षेवर. यूकॅसचे (विद्यापीठ प्रवेशाची इथली केंद्रीय संस्था) गुणही ए लेव्हलच्या तोडीचे: डिस्टिंक्शनला ४८, डिस्टिंक्शन स्टारला ५६.

पण गुण सारखे म्हणून विद्यापीठं सारखं मानतात असं नाही ना? हीच धास्ती आहे. तिच्या मनात ब्रिस्टल आणि किंग्ज कॉलेज लंडन आहेत, तिथे एलनॅट ही कायद्याची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

कुणाच्या मुलांनी दोन ए लेव्हल आणि हे बीटेक घेऊन एलएलबीला प्रवेश मिळवलाय का? कुठे? आणि असाइनमेंटचा भार ए लेव्हलच्या अभ्यासासोबत झेपतो का? शाळेला लवकरच कळवायचंय, त्यामुळे अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.