विमान नारळाच्या वर का जात नाही?

बी-५०४ (रविवार, रात्री ९.१०)
सर्वांना नमस्कार. विषय सोसायटीच्या कामकाजाचा नाही, परंतु आपल्याकडे या क्षेत्रातील जाणकार आहेत म्हणून येथेच विचारतो. नववीतल्या आमच्या चिरंजीवांनी फोमच्या शीटचे, रिमोटवर उडणारे विमान बनवले आहे. बॅटरीसह वजन ९५० ग्रॅम, मोटार २२१२ आकाराची १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा नियंत्रक) ३० अँपिअरचा आणि बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएचची. दिवाळीत हेच विमान छान उडत होते. मागच्या महिन्यात उतरताना प्रोपेलर मोडला, नवा बसवला, आणि तेव्हापासून हातातून सोडल्यावर ते कसेबसे नारळाच्या उंचीपर्यंत पोहोचते व पूर्ण थ्रॉटल देऊनही पुढे चढत नाही. तीनेक मिनिटांत मोटार आपोआप बंद पडते, क्षणभराने पुन्हा फिरते. उतरवल्यावर मोटारीला बोट लावता येत नाही. दुकानदार मोठी मोटार घ्या म्हणतात. घ्यावी का?

ए-११०२ (९.२२)
माझ्या भाच्यानेही मोठी मोटार बसवली होती व त्याचे विमान नंतर चांगले उडाले. दोन-तीन हजारांचा प्रश्न आहे, बदलून टाकावी.

डी-२०१ (९.४०)
नमस्कार. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षे मोटार रिवाइंडिंगचे काम केले, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. जी मोटार दिवाळीत हेच वजन उचलत होती, ती आज उचलत नसेल तर आधी मधल्या काळात काय बदलले ते पाहावे. आपणच लिहिले आहे की प्रोपेलर बदलला. जुन्या आणि नव्या प्रोपेलरवरचे आकडे कळवावेत आणि मोटारीच्या बाजूचे एक छायाचित्र टाकावे.

बी-५०४ (९.५८)
जुना १० × ४.५ होता. दुकानात तो नव्हता, म्हणून त्यांनी ११ × ७ दिला. मोठा असल्याने जास्त ओढेल असे सांगितले. छायाचित्र जोडले आहे.

डी-२०१ (१०.१५)
आपले दोन दोष तर येथेच सापडले.

पहिला असा, की छायाचित्र विमानाच्या शेपटीकडून काढलेले आहे आणि तरीही प्रोपेलरवरचे ११ × ७ हे आकडे मला स्वच्छ वाचता येत आहेत. नाकावर बसणाऱ्या प्रोपेलरची अक्षरे पुढे, म्हणजे उड्डाणाच्या दिशेला असावी लागतात. आपण तो उलटा बसवला आहे. मोटार योग्य दिशेने फिरत असल्याने हवा मागेच फेकली जाते, म्हणून पाहणाऱ्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही. पण पात्याची फुगीर बाजू मागे आणि सपाट बाजू पुढे आल्यामुळे ओढ फार घटते. येथे एक घोटाळा नेहमी होतो, तोही सांगून ठेवतो. मोटारच उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या, जसे आपण पंपाच्या थ्री फेज मोटारीला करतो. प्रोपेलर उलटा असेल तर तारांना हात लावायचा नाही, फक्त नट काढून प्रोपेलर उलटून बसवायचा.

दुसरा दोष आकाराचा. पहिला आकडा व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर कागदोपत्री जेवढा पुढे सरकेल ते अंतर, दोन्ही इंचांत. फेरे तेच ठेवायचे तर लागणारी शक्ती साधारणपणे व्यासाच्या चौथ्या घाताने आणि पिचच्या सरळ प्रमाणात वाढते. १० चे ११ केल्याने जवळजवळ दीडपट, ४.५ चे ७ केल्याने आणखी दीडपटीहून थोडी अधिक. गुणाकार सव्वादोन पटीच्या पुढे जातो. मोटार तेवढे फेरे घेऊ शकत नाही, ती दमते, करंट मात्र खेचत राहते आणि तो उष्णतेत जातो. म्हणून बोट लावता येत नाही.

ए-११०२ (१०.२१)
काका, मग मोटार मधेच बंद का पडते? ती जळत आली असेल, म्हणून मी बदला म्हटले.

डी-२०१ (१०.३४)
जळालेली मोटार क्षणभराने पुन्हा फिरत नाही. ते काम ईएससीचे आहे. भाराखाली व्होल्टेज दर सेलला सुमारे ३.२ च्या खाली गेले की तो बॅटरी वाचवण्यासाठी मोटार तोडतो. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि मोटार फिरते. त्यामुळे मला बॅटरीचाही संशय आहे. उद्या संध्याकाळी चिरंजीवांना विमान घेऊन पाठवा. तोवर प्रोपेलर काढून ठेवा. प्रोपेलर लावलेला असताना घरात बॅटरी जोडायची नाही, हे मी त्याला समक्षही सांगेन.

बी-३०२ (सोमवार, सकाळी ७.५०)
आमच्या मुलाच्या विमानाची मोटार फिरतच नाही, नुसती थरथरते आणि कुरकुर आवाज करते. तेही प्रोपेलरमुळेच का?

डी-२०१ (८.०५)
नाही ताई, ते सिंगल फेजिंगचे लक्षण आहे. मागच्या पावसाळ्यात आपला पंप एक फेज गेल्यावर घुमत राहिला आणि जळाला, आठवते ना? त्याचीच ही धाकटी बहीण. मोटार आणि ईएससी यांच्यामधल्या तीन तारांपैकी एकीचा सोनेरी बुलेट कनेक्टर सैल असणार किंवा त्याचा सोल्डरचा डाग सुटलेला असणार. श्रिंक ट्यूबच्या आत सुटलेला डाग वरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक तार धरून हलकेच ओढून पाहावी. तोपर्यंत थ्रॉटल देऊ नये. मोटारीआधी ईएससी जातो.

सचिव (९.३०)
चर्चा उपयुक्त आहे. परंतु चाचणी पार्किंगमध्ये वा लिफ्टच्या लॉबीत करू नये आणि या बॅटऱ्या मीटर रूमच्या सॉकेटवर चार्जिंगला लावून कोणीही निघून जाऊ नये, ही विनंती. गेल्या आठवड्यात एक सापडली होती. ती कोणाची, हे विचारणार नाही.

डी-२०१ (रात्री ९.२०)
सचिव साहेबांची विनंती पाळून चाचणी गच्चीवर केली. माझा जुना क्लॅम्प मीटर लावला तर तो शून्य दाखवू लागला, कारण तो केवळ एसी करंट मोजतो. इतकी वर्षे काम करून हे विसरलो, याची बायकोने नोंद घेतली. शेवटी चिरंजीवांच्या मित्राकडून वॉटमीटर मागवला. विमानाच्या शेपटीला दोरी बांधून सामान तोलायचा हुकाचा काटा लावला, म्हणजे ओढही कळली.

आहे तसा, उलटा ११ × ७: करंट २४ अँपिअर, व्होल्टेज १२.५ वरून ९.६, म्हणजे २३० वॉट आत जात होते आणि ओढ अवघी ४३० ग्रॅम. ९५० ग्रॅमच्या विमानाला एवढ्या ओढीत चढण्यासाठी शिल्लक काय राहणार? मोठी मोटार घेतली असती तर उलट्या प्रोपेलरवर आणखी वॉट फुकट गेले असते.

आता बॅटरी. २४ अँपिअरला २.९ व्होल्ट पडले, भागाकार करा, सुमारे १२० मिलिओहम येतात. या आकाराच्या चांगल्या बॅटरीत हा आकडा वीस-तीस मिलिओहमांच्या आसपास असतो. मधला सेल बोटाने दाबला तर उशीसारखा लागतो. वेष्टनावर २५ सी, म्हणजे क्षमतेच्या २५ पट, ५५ अँपिअर, लिहिले आहे. ते आता केवळ वाचण्यापुरते. ही बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

मोटार मात्र धडधाकट आहे. अती तापल्यास तिच्या चुंबकांचा जोर कायमचा घटू शकतो, म्हणून प्रोपेलर काढून रिकामी फिरवून पाहिली, ०.७ अँपिअर घेतले आणि आवाजही एकसारखा होता. चुंबक दुबळे झाले असते तर रिकाम्या मोटारीनेच जास्त करंट घेतला असता. मित्राची बॅटरी आणि १० × ४.५ प्रोपेलर सरळ लावल्यावर १५ अँपिअर, ११.६ व्होल्ट, १७४ वॉट आणि ओढ ७८० ग्रॅम. वॉट कमी झाले, ओढ जवळजवळ दुप्पट झाली. किलोला १८० वॉटच्या वर शक्ती मिळते, शिकाऊ विमानाला ती भरपूर आहे.

सी-३०३ (९.४५)
काका, फारच छान. मी महाविद्यालयात एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केले आहे, म्हणून एक भर घालते. ओढ परत आली तरी पहिल्या उड्डाणात मुलगा सवयीने एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) मागे खेचून ठेवील. अशक्त विमानाला नाक वर करून चढवायची सवय लागते आणि त्यानेच ते आणखी मंदावते, कारण चढण एलिव्हेटरमधून येत नाही, सरळ उडायला लागणाऱ्या शक्तीहून जी जास्त असते तिच्यातून येते. म्हणून आधी समांतर वेग घेऊ द्यावा आणि मग हलकेच नाक उचलावे. ४.५ पिच मिनिटाला ८००० फेऱ्यांवर ताशी साधारण ५५ किलोमीटरची हवा देते. हे विमान ताशी पंचवीस-तीसच्या आसपास स्टॉल होत असेल, म्हणजे पंखांची उचल गमावत असेल, तर वेगाला पुरेसा वाव आहे. नवी बॅटरी वेगळ्या वजनाची असेल तर गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर बोटे टेकवून विमान सपाट तोलले पाहिजे.

ए-११०२ (९.५०)
मोठ्या मोटारीचा सल्ला मागे घेतो. भाच्याला त्याच्या प्रोपेलरवरची अक्षरे पाहायला सांगितले आहे.

बी-५०४ (रविवार, सकाळी ९.०५)
मुलाला ग्रुपवर लिहू देतो आहे.

नमस्कार, मी लिहितो आहे. आज कोलशेतच्या मोकळ्या जागेत नवी बॅटरी लावून उडवले. पहिल्या वेळी मी खरोखरच एलिव्हेटर खेचून ठेवला आणि ते डुलायला लागले. ताईंचे आठवले, सोडून दिला, मग ते सरळ पळाले आणि नारळांच्या वर गेले. अर्ध्याच्या थोड्या पुढच्या थ्रॉटलवर सहा मिनिटे उडाले. उतरल्यावर मोटारीवर बोट ठेवून दहापर्यंत मोजता आले आणि प्रत्येक सेल ३.७७ दाखवत होता. फुगलेली बॅटरी बाबा ई-कचरा घेणाऱ्यांकडे देणार आहेत. डी-२०१ काका, तुमचा हुकाचा काटा माझ्याकडेच राहिला आहे. दुपारी आणून देऊ का, की तुम्ही झोपलेले असाल?