फोटो ‘आडवा’ की ‘कलंडलेला’?

चादरीच्या दुकानातून, सोलापूर:

आमच्या मामांनी चादरींचे फोटो विक्रीच्या एका साइटवर चढवले. फोनवर नीट दिसणारे फोटो तिथे गेल्यावर कुशीवर झोपल्यासारखे. तिकडून निरोप आला, ‘फोटो आडवा आहे, उभा पाठवा.’ मामांनी फोन उभा धरून नव्याने फोटो काढले. पुन्हा तोच निरोप. तिसऱ्यांदा ते मला म्हणाले, ‘अगं, उभाच काढलाय की!’ आणि त्यांचं खरं होतं.

मला वाटतं, घोटाळा ‘आडवा’ या शब्दात आहे. आडवा फोटो म्हणजे रुंदी जास्त, उंची कमी. लग्नातला सगळ्या गोताचा फोटो आडवाच काढतात, त्यात चूक काही नाही. शब्दकोड्यातसुद्धा ‘आडवे शब्द, उभे शब्द’ म्हणतो, ती दिशा झाली. पण उभा काढलेला फोटो पडलेला दिसतो, त्याला काय म्हणायचं? ‘कलंडलेला’ कसा वाटतो?

फोटो स्टुडिओवाले काका:

ताई, आधी हे का होतं ते सांगतो, मग शब्द ठरवू. फोनमधला सेन्सर एकाच बाजूने पक्का बसवलेला असतो. फोन कसाही धरा, चित्र बहुतेक वेळा त्याच्याच ओळीने साठतं. सोबत एक्झिफ नावाच्या नोंदीत फोन एक आकडा लिहून ठेवतो. १ म्हणजे आहे तसं दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा, ८ म्हणजे उलट दिशेने ९०, ३ म्हणजे पूर्ण १८०. त्याच नोंदीत फोटो कुठे काढला ती जागाही असू शकते, म्हणून बऱ्याच साइट ती पुसून टाकतात. पुसण्याआधी चित्र फिरवून घेतलं नाही, की फोटो पडलाच. म्हणजे मामा जितक्या नेमाने फोन उभा धरत होते, तितक्या नेमाने फोटो पडत होता. ‘उभा पाठवा’ हा सल्लाच उलटा लागला.

पूर्व भागातून:

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. तिथेही ‘अड्डम’ आणि ‘निलुवु’, आडवं आणि उभं. अक्कलकोटकडचे कानडी लोकही ‘अड्ड’ म्हणतात. मागावर तर सगळा खेळच ताण्याचा नि बाण्याचा, उभ्या धाग्यांचा नि आडव्या धाग्यांचा. विणकराच्या घरात ‘आडवा’ म्हणजे बिघडलेला असं कुणी ऐकणार नाही. दोष सांगायचा तर शब्द वेगळाच पाहिजे.

एक शिक्षिका:

मला पटत नाही. ‘आजोबा जेवून जरा आडवे झाले’ म्हणतोच ना? पडण्याचा अर्थ आडव्यात आहेच. आणि ‘कलंडणे’ला सांडण्याची छटा आहे. तांब्या कलंडतो, उसाची गाडी कलंडते. फोटोतून काय सांडलं?

दुकानातून:

मॅडम, आजोबा आडवे झाले हे समोर दिसतं म्हणून कळतं. फोनवरच्या निरोपात नुसतं ‘फोटो आडवा आहे’ लिहिलं की आकार की पडणं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘आडवा पडलाय’ असं पूर्ण लिहिलं तर चालेल. ‘कलंडलेला’चा हट्ट सोडते.

आता दुरुस्तीचा शब्द. ‘फोटो फिरवा’ लिहिलं तर आमच्याकडे लोक तो चार ग्रुपवर फिरवतील. ‘सुलटा करा’ मला फार आवडतो, पण कापडवाल्यांत सुलट म्हणजे कापडाची दर्शनी बाजू. मामा चादर पालटून टाकतील! राहिला ‘सरळ करा’.

पूर्व भागातून:

आणि ‘डावीकडे पडलाय’ असंही नको. कुणाचं डावं? माणसाचं डोकं आपल्या डाव्या हाताला असेल तर तो स्वतःच्या उजव्या कुशीवर असतो. ‘डोकं डावीकडे’ म्हणा, वाद मिटतो.

फोटो स्टुडिओवाले काका:

सरळ कसा करायचा तेही लिहितो. गॅलरीत उघडा, कड किंचित कापा, सेव्ह करा, मग तीच नवी प्रत चढवा. नुसता फिरवून सेव्ह केला तर काही फोन फक्त आकडा बदलतात, चित्र तसंच राहतं. कड कापली की चित्र सहसा नव्याने लिहिलं जातं. स्क्रीनशॉटनेही काम होतं, पण चादरीची वीण बारीक दिसत नाही, म्हणून तो नको.

अजून एक. चादर जमिनीवर पसरून वरून फोटो काढत असाल तर फोन जमिनीला समांतर असतो आणि त्याला वर-खाली नीट कळत नाही, आकडाच चुकू शकतो. चादर दांडीवर टांगा, समोरून काढा.

एक शिक्षिका:

मग पूर्ण डोक्यावर उभा असलेल्या फोटोला ‘पालथा’?

दुकानातून:

नाही मॅडम, पालथा म्हणजे तोंड खाली, पाठ वर. फोटोची पाठ कोण बघतं? ‘डोकं खाली’ लिहिते. साइटवाल्यांना दोन निरोप लिहून दिलेत: ‘डोकं डावीकडे आहे, सरळ करून पाठवा’, ‘डोकं उजवीकडे आहे, सरळ करून पाठवा’. तिसरा आता घालते.