सीप्रोफाइलला स्वतःचा टायमर दिला की पायथनच क्रॅश होतंय, कुठे बघू?

प्रश्न
सर्व्हिस सतत चालू असते, प्रोफाइलचा डेटा फुगत जातो, म्हणून सीप्रोफाइलला (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागतो ते मोजणारा पायथनचा प्रोफाइलर) माझं टायमर फंक्शन दिलंय, ते वेळ परत करतं आणि ठरावीक वेळ झाली की तिथूनच साठलेला डेटा पुसणारं प्रोफाइलरचं क्लिअर() मारतं. पायथन 3.12. कधी नीट चालतं, कधी थेट सेगमेंटेशन फॉल्ट (सेगफॉल्ट, चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोसेस मरणं), ट्रेसबॅक नाही काही नाही, ट्राय-एक्सेप्ट लावूनही फरक नाही. माझं एकही सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेलं मॉड्यूल) नाहीये, मग सेगफॉल्ट येतोच कुठून??

उत्तर १
सेगफॉल्ट ट्राय-एक्सेप्टमध्ये सापडत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा सिग्नल आहे, प्रोसेस जागच्या जागी मरते. पायथनचं फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू कर, मरताना पायथनचा स्टॅक (कुठली फंक्शनं चालू होती ते) तरी छापेल. आणि पायथनमॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल डीबगवर ठेवून चालव, मग फ्री केलेल्या मेमरीत डीडी बाइट भरले जातात, नशिबाने चालणारा कोड लगेच उघडा पडतो.

प्रश्नकर्ता
केलं, आता दरवेळी पडतंय. जीडीबी डीबगरमध्ये एलएसप्रॉफच्या (सीप्रोफाइलचा सी मधला भाग) स्टॉप फंक्शनवर थांबलं, मागच्या कॉन्टेक्स्टचा (चालू कॉलची नोंद) पॉइंटर बघितला तर सगळा डीडी डीडी डीडी.

उत्तर २
मग हा यूज-आफ्टर-फ्री (फ्री केलेली मेमरी परत वापरणं) आहे, शंकाच नको. फंक्शन संपलं की प्रोफाइलर त्या कॉलचा कॉन्टेक्स्ट हातात धरूनच टायमरला वेळ विचारतो. नेहमीचा टायमर सी मधला, तो पायथन कोड चालवतच नाही. तुझा मात्र पायथनमधला आणि त्यात क्लिअर(), म्हणजे जो कॉन्टेक्स्ट हातात आहे तोच फ्री झाला, टायमर परत आला की पुढची ओळ त्यातूनच सुरुवातीची वेळ वाचते.

उत्तर ३
टायमरनंतर एक नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का ते बघणं) टाकला तर भागणार नाही का?

उत्तर २
नाही भागणार. फ्री केल्यावर त्या लोकल व्हेरिएबलमध्ये जुनाच पत्ता राहतो, तो नल होत नाही, चेक आरामात पास होतो. सीपायथनमध्ये (पायथनचा नेहमीचा, सी मधला इंटरप्रिटर) 2024 साली हे दुरुस्त केलंय आणि पद्धत मला मनापासून पटली: टायमर बोलवण्याआधी एक फ्लॅग लावतात, परत आला की काढतात, मधल्या वेळात कोणी क्लिअर() किंवा डिसेबल() (प्रोफाइलर थांबवणं) केलं तर रनटाइमएरर. म्हणजे चूक करणाऱ्याला एरर दिसते, इंटरप्रिटर मरत नाही. बाकी हिशोबाच्या कोडला हातही लावावा लागत नाही, आणि प्रोफाइलरमध्ये ते फार महत्त्वाचं, तो कोड प्रत्येक कॉलला चालतो.

तू टायमरमधून फक्त आकडा परत कर. साफसफाई मेन लूपमध्ये: आधी डिसेबल(), मग डेटा फाइलमध्ये, मग क्लिअर(), परत इनेबल().

प्रश्नकर्ता
क्लिअर() मेन लूपमध्ये हलवलं, डीबग मॅलॉकवरही क्रॅश नाही आता. खूप आभार! सर्व्हरवरचं पायथन जुन्या पॅचवर आहे, तेही अपडेट करायला टाकतोय.