मदत हवी आहे: बॉक्स्टी मधून चिकट राहते

मंडळी, आयर्लंडमध्ये कुणी घरी बॉक्स्टी करतं का? लीट्रिम, कॅव्हन भागातली ही बटाट्याची जाडसर धिरडी मला फार आवडतात. निम्मा कच्चा किसलेला बटाटा, निम्मा उकडून कुस्करलेला, मैदा, ताक, खायचा सोडा, मीठ; एवढंच. कीस फडक्यात घट्ट पिळते, पाण्याखाली बसलेलं सत्त्व परत पिठात घालते. लोण्यावर बाहेरून छान खरपूस होतात, पण आत चिकटच. बटाटा इथे सगळीकडे मिळतो तो लाल सालीचा रूस्टर. पिठूळ कर्स पिंक घेऊन बघू का? की मैदा कमी करू? आच मंद ठेवून झाकण घालावं का? आणि पावासारखी ओव्हनमध्ये भाजलेली बॉक्स्टी कुणी केली असेल, तर प्रमाण आणि वेळ नक्की सांगा.