राजघराण्यातल्या पाहुण्याला स्पर्श करायचा नाही, मग होंगी कशी चालते?

टिपणवही

न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश राजघराण्यातलं कोणी आलं की तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या ज्येष्ठांच्या नाकाला नाक टेकवतानाचा, म्हणजे होंगी या अभिवादनाचा, फोटो हमखास छापून येतो. आणि खाली दरवेळी तोच वाद रंगतो: राजघराण्यातल्या व्यक्तीने स्वतः हात पुढे केल्याशिवाय तिला स्पर्श करायचा नाही म्हणतात, मग हे काय?

अशा समारंभांना जाणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी दोन पानांचं टिपण लिहितेय. ऐकीव गोष्टी त्यात नकोत. स्पर्शाचा नियम खरंच आहे का? स्वागताचा क्रम नेमका काय असतो, आणि राजशिष्टाचार त्यात कुठे बसतो? होंगी करताना लोक कुठे चुकतात? शिवाय मराठीत याला सर्रास 'नाक घासणे' लिहिलं जातं, ते मला खटकतं. दुसरा शब्द सुचवा.

नीलसागर

शब्दापासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. मराठीत नाक घासणं म्हणजे लाचारीने विनवण्या करणं. होंगीत लाचारी नाही आणि घासणंही नाही. नाक नाकावर ठेवून हलकं दाबायचं, बस. 'नाकाला नाक टेकवणं' लिहा, किंवा सरळ 'होंगी' लिहून एकदा अर्थ सांगा.

आता स्पर्शाचं. ब्रिटिश राजघराण्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच म्हटलंय की त्यांना भेटताना अमुक पद्धतीनेच वागा अशी सक्ती नाही. ज्यांना परंपरा पाळायची असेल त्यांच्यापैकी पुरुषांनी फक्त मान झुकवायची, कमरेतून वाकायचं नाही. स्त्रियांनी एक पाय किंचित मागे घेऊन गुडघे हलकेच वाकवायचे, त्याला कर्ट्सी म्हणतात. नुसता हात मिळवला तरी चालतं. राजाला आणि राणीला पहिल्यांदा 'युअर मॅजेस्टी' आणि पुढे 'सर' किंवा 'मॅम'. घराण्यातल्या इतरांना पहिल्यांदा 'युअर रॉयल हायनेस', मग 'सर' किंवा 'मॅम'.

म्हणजे 'हात लावायचा नाही' हा कायदा नाही, रूढी आहे. तिच्यावरून गाजलेले प्रसंग मात्र खरे आहेत. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी एलिझाबेथ राणीच्या पाठीला हात लावला तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला. २००९ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये मिशेल ओबामा यांनी राणीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा राणीनेही त्यांच्या कमरेभोवती हात टाकला होता. चर्चा तरीही एकाच बाजूच्या हाताची झाली.

होंगी या मालिकेत बसतच नाही. ती कोणी आगाऊपणे केलेली सलगी नव्हे. तो स्वागतविधीचा ठरलेला भाग आहे, आणि त्यात दोघंही एकाच वेळी पुढे झुकतात. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. मान झुकवण्यात एक खाली आणि एक वर असतो. होंगीत दोन्ही कपाळं एका पातळीवर येतात, देणारा आणि घेणारा असे दोन पक्षच उरत नाहीत. माओरी कथेत ताने या देवाने कुरावाका इथल्या लाल मातीतून पहिली स्त्री, हिने-आहु-ओने, घडवली आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. ती शिंकली आणि जिवंत झाली. होंगीत जी देवाणघेवाण होते ती त्या श्वासाची, 'हा'ची. औपचारिक भाषणांच्या सुरुवातीला 'तिहे मौरी ओरा' ऐकू येतं, तीही त्याच शिंकेची आठवण.

त्यामुळे 'राजशिष्टाचार मोडला' हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. मराएवर, म्हणजे माओरी समाजाच्या सभास्थानी, तिथल्या यजमानांचा विधिनियम चालतो. त्याला 'कावा' म्हणतात. राजा तिथे मानुहिरी असतो, म्हणजे पाहुणा. २०१४ मध्ये विल्यम आणि केट यांनी, २०१८ मध्ये हॅरी आणि मेगन यांनी, २०१९ मध्ये तेव्हा युवराज असलेल्या चार्ल्स यांनी होंगी केली ती पाहुणे म्हणूनच.

मराएवाट

क्रम मी लिहिते. पूर्ण स्वागतविधीला 'पोफिरी' म्हणतात. भाग गाळले किंवा पुढे-मागे केले जातात, पण मूळ साखळी अशी.

पाहुणे दाराबाहेर एकत्र जमतात. उशिरा आलेल्याने मधेच घुसायचं नाही, पुढच्या गटाबरोबर आत जायचं. मोठ्या पाहुण्यासाठी आधी 'वेरो' होतो: हातात ताइआहा हे लांब लाकडी शस्त्र घेतलेला योद्धा पुढे येतो, पवित्रे घेतो आणि जमिनीवर एक खूण ठेवतो. कधी ती कोरीव काडी असते, कधी डहाळी किंवा पान. तुम्ही कशासाठी आलात, सलोख्याने की भांडायला, असा हा प्रश्न आहे. खूण उचलली की सलोख्याचं उत्तर मिळालं. अतिशय मानाच्या प्रसंगी एकामागोमाग तीन योद्धे येतात. पाहुण्याने खूण उचलल्यावर तिसरा पाठ फिरवतो आणि पाहुण्यांना आत नेतो. अनोळखी माणसाकडे योद्ध्याने पाठ करणं, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे खूण ठेवून योद्धा मागे सरण्याआधीच ती उचलायला धावणं. दुसरी म्हणजे उचलताना नजर जमिनीवर लावणं. नजर योद्ध्यावरच ठेवायची, सावकाश वाकायचं, उचलायचं, सावकाश उभं राहायचं. हसायचं नाही, टाळ्या तर मुळीच नाहीत. खूण कोणी उचलायची ते यजमान इवी, म्हणजे तिथली जमात, आणि पाहुण्यांची बाजू आधीच ठरवतात. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही.

मग 'करंगा', स्त्रीच्या आवाजातली साद. यजमानांकडची स्त्री हाक देते, पाहुण्यांकडची स्त्री उत्तर देते, आणि त्या आवाजावर सगळे हळूहळू चालू लागतात. तुमच्यात उत्तर देणारी कोणी नसेल तर यजमानांशी आधी बोलून ठेवा, सोय होते. ऐनवेळी शांतता पसरली की सगळेच अवघडतात. चालताना गट एकसंध ठेवायचा, मुख्य पाहुण्याच्या पुढे जायचं नाही, गप्पा आणि फोन बंद. अर्ध्या वाटेत थांबून माना खाली घालायच्या. ते दोन्हीकडच्या मृतांच्या स्मरणासाठी असतं. नवख्या पाहुण्यांना वाटतं की रांग अडली, आणि ते मागून पुढे सरकतात.

नंतर बसणं. पहिली रांग वक्त्यांची. बहुतेक इवींत इथली औपचारिक भाषणं पुरुष करतात, म्हणून पुढे पुरुष बसतात. भाषणांच्या दोन पद्धती आहेत. एकीत यजमानांचे सगळे वक्ते आधी बोलतात आणि मग पाहुण्यांचे. दुसरीत आळीपाळीने. कुठली पद्धत आहे ते आधी विचारा, नाहीतर तुमचा वक्ता भलत्याच वेळी उभा राहील. प्रत्येक भाषणानंतर त्या बाजूच्या लोकांनी गाणं म्हणायचं असतं, ते पाठ हवं. वक्ता बोलत असताना त्याच्या आणि समोरच्या बाजूच्या मधून कोणीही जायचं नाही. पाहुण्यांचा शेवटचा वक्ता 'कोहा' म्हणजे भेट, बहुधा पाकिटात, जमिनीवर ठेवतो आणि यजमानांपैकी एकजण ती उचलतो. ती हातात द्यायला जाऊ नका.

यानंतर होंगी आणि हस्तांदोलन. शेवटी जेवण. पाहुण्यांवरचा 'तापू', म्हणजे विधीचं बंधन, अन्नाने उतरतं. म्हणून आधी काही खायचं नाही, तोंडात च्युइंगमसुद्धा नको.

वेलिंग्टनच्या गव्हर्न्मेंट हाऊसच्या हिरवळीवर समारंभ असतो तेव्हा राष्ट्रगीत, सलामी, सैनिकांच्या तुकडीची पाहणी हा सगळा राजशिष्टाचाराचा भाग त्याच सकाळी येतो. पण तो वेगळा तुकडा म्हणून. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. करंगा चालू असताना कोणी कर्ट्सी करत नाही आणि सलामीच्या वेळी कोणी होंगी करत नाही. वेळ कमी असेल तर आगमनालाच दोन-तीन ज्येष्ठांशी होंगी उरकली जाते, म्हणून त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका मिळवून टिपणाला जोडा.

खडूफळा

प्रत्यक्ष होंगीबद्दल थोडं, कारण चुका तिथेच होतात.

समोर उभं राहून उजव्या हातात उजवा हात घ्या. डावा हात समोरच्याच्या दंडावर किंवा खांद्यावर ठेवला तरी चालतो, पण त्याने ठेवला तर ठेवा. मान किंचित पुढे आणि खाली न्या, पापण्या खाली किंवा मिटलेल्या. नाक नाकावर सरळ येऊ द्या. बऱ्याच ठिकाणी कपाळही टेकतं. हलका दाब, नाकाने शांत श्वास, एक-दोन सेकंद, मग मागे. काही इवींत एकदाच दाबतात, काहींत दोनदा. हे पाठ करायची गरज नाही. यजमान दुसऱ्यांदा पुढे आला तर तुम्हीही या, नाहीतर थांबा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मान तिरकी केल्याने. गालाला गाल लावायची सवय असलेला माणूस शेवटच्या क्षणी डोकं एका बाजूला कलवतो आणि नाक समोरच्याच्या गालात जातं. हनुवटी मध्यरेषेवर ठेवली की हे टळतं. दुसरा घोळ वेगाचा, त्यात कपाळावर कपाळ आपटतं. शेवटचं चार बोटांचं अंतर मुद्दाम सावकाश कापा. उंच माणसाने वाकायचं, बुटक्याने टाचा उचलायच्या नाहीत. रुंद काठाची टोपी आड येते, म्हणून कपडे ठरवतानाच तिचा विचार करा. चष्मा ठेवला तरी चालतो, जड फ्रेमचा असेल तर रांगेत लागण्याआधी काढून खिशात टाका. श्वास रोखून धरू नका. श्वासासाठीच तर हे आहे.

रांगेत पुढचा माणूस काय करतो ते पाहा. यजमान स्त्रियांपैकी काहीजणी गालाचं चुंबनही घेतात. सुरुवात त्यांनी करायची, आपण नाही. डोक्याला हात लावायचा नाही, डोकं तापू, म्हणजे पवित्र, मानतात.

टिपणवही

फारच उपयोगी. अजून तीन शंका. सर्दी असेल तर? स्त्री पाहुणीला भाषण करायचं असेल तर? आणि माओरींचाही राजा असतो ना, मग दोन राजे भेटले की कोण कोणाला झुकतं?

मराएवाट

सर्दी असेल तर जवळ जायच्या आधीच हात पुढे करा, डावा हात छातीवर ठेवा आणि हलक्या आवाजात कारण सांगा. याचा अपमान वाटत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कितीतरी इवींनी स्वतःहूनच होंगी थांबवली होती. अपमान वाटतो तो कारण न सांगता मान मागे घेतल्याचा.

स्त्रियांच्या भाषणाचा प्रश्न नाजूक आहे आणि इवीगणिक उत्तर बदलतं. १९९८ मध्ये वाइतांगीच्या 'ते ती' मराएवर तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या हेलन क्लार्क बोलायला उठल्या, त्यांच्या बोलण्याला हरकत घेतली गेली आणि तो प्रसंग देशभर गाजला. आपल्या टिपणात एवढंच लिहा: स्वागतविधीतलं भाषण पाहुण्यांच्या बाजूने नेमलेला वक्ता करेल, पाहुणीचं स्वतःचं भाषण विधी संपल्यानंतरच्या कार्यक्रमात ठेवावं. आणि करंगा हा विधीतला पहिला शब्द असतो, तो स्त्रीचाच असतो. 'स्त्रियांना आवाज नाही' असं लिहून मोकळं होऊ नका.

नीलसागर

दोन राजांबद्दल. किंगितांगा ही माओरी राजपदाची चळवळ १८५८ ची, पहिले राजे पोताताउ ते फेरोफेरो. एलिझाबेथ राणी डिसेंबर १९५३ मध्ये न्गारुआवाहियाच्या तुरांगावाएवाए मराएवर गेल्या तेव्हा राजे कोरोकी यजमान होते. मे २०२३ मध्ये चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला राजे तुहेइतिया लंडनला गेले. ३० ऑगस्ट २०२४ ला ते वारले आणि ५ सप्टेंबरला त्यांची मुलगी न्गा वाइ होनो इ ते पो राणी झाली. अशा भेटीत कोण झुकलं हे शोधणाऱ्या बातम्यांना होंगीत उत्तर सापडत नाही, कारण दोघंही सारखेच झुकतात. टिपणात 'माओरी राणी' हा उल्लेख पूर्ण मानाने करा, अवतरणचिन्हांत टाकू नका.

वर्णमाला

उच्चारांवर कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. मराठी माणसाला हे सोपं जातं. 'होंगी'तला अनुस्वार खरं म्हणजे ङ आहे, 'वाङ्मय'मधला. त्याच्यापाठी ग येत नाही: हो-ङी. 'करंगा', 'वाइतांगी', 'तांगाता' (म्हणजे माणूस) यांतही तेच, आणि 'न्गारुआवाहिया'ची सुरुवातच ङ ने होते. शब्दाच्या सुरुवातीचा ङ मात्र आपल्यालाही चार वेळा म्हणून पाहावा लागतो. 'पोफिरी'तला फ दोन ओठांतून फुंकल्यासारखा, 'र' आपलाच.

स्वर सांभाळा. 'होंगी'त पहिला स्वर ओ. तिथे लांब आ म्हटलात तर 'हांगी' होतं आणि ते जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण आहे. ज्येष्ठांसमोर ही गल्लत होऊ नये.

अभिवादनात द्विवचन आहे, संस्कृतसारखं. एकाला 'तेना कोए', दोघांना 'तेना कोरुआ', तिघांपासून पुढे 'तेना कोउतोउ'. राजा-राणी दोघं समोर असतील तर 'कोरुआ'. हे होंगीच्या आधी म्हणा किंवा नंतर. नाकं टेकलेली असताना बोलायचं नाही.