मदत हवी आहे: छोट्या प्रोग्रामिंग भाषेच्या रिलीजचं नियोजन कसं करता?

नमस्कार मंडळी,
आम्ही काही जण मिळून एक छोटी ओपन सोर्स प्रोग्रामिंग भाषा सांभाळतो. आवृत्ती १.० जवळ आली आहे. रिलीजची पद्धत आताच ठरवायची आहे, कारण एकदा लोकांचा कोड तिच्यावर उभा राहिला की मागे फिरणं अवघड.

रस्ट भाषेची नवी आवृत्ती दर ६ आठवड्यांनी येते, गो (Go) भाषेची वर्षातून दोनदा, पायथनची दर ऑक्टोबरात. मला रस्टची रीत पटते: तारीख हलत नाही, तयार नसलेलं फीचर पुढच्या गाडीने जातं. पण त्यामागे चाचण्यांची मोठी यंत्रणा आहे. छोट्या टीमला हे झेपतं का?

खरा पेच गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे. रिलीज ब्रँच (त्या आवृत्तीसाठी कोडची वेगळी शाखा) काढल्यावर दुरुस्ती आधी मेनमध्ये (मुख्य शाखेत) करून चेरी-पिक करता (तेवढाच बदल उचलून रिलीज ब्रँचमध्ये आणता), की जुन्या ब्रँचमध्ये करून वर मेनमध्ये मर्ज? दुसऱ्या पद्धतीत एकही दुरुस्ती निसटत नाही, पण ब्रँचेस एकमेकींपासून लांब गेल्या की कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) वाढतात.

डेबियनसाठी (एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) पॅकेजिंग केलेल्यांचं मत तर हवंच. तिथे बिल्ड करताना (सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करताना) नेटवरून काही ओढायला परवानगी नाही, आणि आमचा बिल्ड सध्या सगळ्या डिपेंडन्सी (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) नेटवरूनच घेतो. त्या सोर्स टारबॉलमध्येच (सोर्स कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) भरून द्याव्यात का?